आभार मानायला उभी

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला लोकमान्य टिळकांविषयी चार शब्द सांगणार आहे..." आठवीतला १ ऑगस्ट. शेंगांच्या टरफलांपर्यंत मी व्यवस्थित पोचले होते. मग गुरुजी वर्गात आले आणि माझ्या तोंडून त्यांनी विचारलं, "शेंगा कोनी खाल्ल्या?" मुलांच्या रांगांतून "कोनी, कोनी" सुरू झालं. पुढचं सगळं पाठ होतं, पण एक अक्षर आठवेना. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मी खाली बसले. दोन वर्षं पुन्हा उभं राहायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

उभं राहायची वेळही फारशी येत नसे म्हणा. आपल्या शाळेत तेव्हा मुलींकडे स्वागतगीत, औक्षण आणि हार. सूत्रसंचालन नि भाषणं मुलांकडे. असा नियम कुणी केलेला नव्हता, म्हणूनच तो मोडायचं कुणाला सुचत नव्हतं. सुवर्णमहोत्सवी अंकात हे लिहू नये म्हणतात, पण खरं आहे ते आहे.

नववीत मराठीला नव्या बाई आल्या. त्यांनी मला आभारप्रदर्शन दिलं. मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "आभार कुणी ऐकत नाही गं, म्हणून तर तुला देतेय."

खरंच होतं. आभार सुरू झाले की शिपाईमामा सतरंजीचं टोक उचलू लागत, पाहुणे घड्याळ बघत आणि मुलांचे डोळे खाऊच्या पिशव्यांकडे. एक मिनिट, पाच-सहा नावं. चुकलं तर ज्याचं नाव चुकलं त्यालाच कळणार (तो मात्र जन्मात विसरत नाही, हे पुढे अनुभवाने कळलं). बाई शेवटच्या रांगेत दाराशी बसायच्या. ऐकू आलं नाही की नुसता हात वर. ओरडणं नाही, खुणा नाहीत. पहिले दोन-तीन कार्यक्रम तो हात खाली आलाच नाही.

चिठ्ठीही त्यांनी बदलायला लावली. वहीचा कागद थरथरतो, त्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो आणि भीती दुप्पट होते. म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यामागे फक्त नावं लिहायची. बाकीचं मनातलं बोलायचं. 'चार शब्द' हा शब्दप्रयोग वर्ज्य. बोलण्याआधी श्वास घ्यायचा नाही, आत आहे तो पूर्ण सोडायचा. पुढचा आपोआप खोल येतो.

आवाज मात्र उठेना. एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुझी आई मंडईत बसते ना? तिला ऐकलंयस कधी?" रोज ऐकत होते, पण तसं नव्हतं ऐकलं. त्या रविवारी गाळ्याशी बसून नीट ऐकलं. आई ओरडत नव्हतीच. मेथीची जुडी उचलायची, पोटातून एक लांब हाक द्यायची आणि थांबायची. गिऱ्हाईक वळेपर्यंत दुसरी हाक नाही. गळ्यातून ओरडली असती तर दुपारीच आवाज बसला असता. सोमवारी बाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता मला कशाला विचारतेस?"

आणि तो 'कोनी'? "ण शिकायचा असेल तर शिकवते, जीभ वर वळवायची, अवघड काही नाही. पण तो येत नाही म्हणून गप्प बसायचं नाही." मी शिकले. भांडताना आजही न येतो.

३ जानेवारी तेव्हा हल्लीसारखी साजरी होत नसे. बाईंनी आम्हा सहा जणींना पीएमटीने बुधवार पेठेत नेलं. दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडे वाडा: खाली दुकानं, वर मोडकळीला आलेली लाकडं. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा इथे भरली, हे पुस्तकात वाचलं होतं. ती जागा आपण चपला घ्यायला येतो त्याच रस्त्यावर आहे, हे माहीत नव्हतं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला, हे बाईंनी तिथल्या गर्दीत, हॉर्नच्या आवाजात सांगितलं. "ती तुमच्याच वयाची होती," एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना भेळ घेतली. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारकासाठी. बातमी वाचली तेव्हा मला आधी भेळ आठवली.

त्या सहा जणींपैकी दोघी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या नाहीत. बाईंनी त्यांना ओढलं नाही. तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं, आजही थोडं वाटतंच.

आता माझं काम मुळशी-भोरकडच्या महिला सरपंचांबरोबर असतं. २०११ पासून राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. खुर्ची मिळाली, पण ग्रामसभेत बोलतात 'सरपंचपती'. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती पुष्कळदा सह्यांपुरती. मी त्यांना भाषण देत नाही. आधी आभार देते. पाणीपुरवठ्याच्या माणसापासून चहा करणारीपर्यंत नावं घ्यायची. मागच्या १५ ऑगस्टला एका ताईंनी आभार मानता मानता विचारलं, "टाकीचं काम कुणामुळे थांबलंय, त्यांचेही आभार मानू का?" सभा दीड तास लांबली.

महोत्सव समितीने मला प्रमुख वक्त्यांत बसवलं होतं. मी फोन करून आभारप्रदर्शन मागून घेतलं. बाई येणार आहेत. गुडघे दुखतात म्हणून पुढची खुर्ची राखून ठेवू का, असं त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "नको, दाराशीच बसते. हात अजून वर जातो माझा."

— दहावी, १९९४ ची तुकडी