परातीतले पिवळे पाणी

वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे गेला की आम्हा एसी दुरुस्त करणाऱ्यांचे दुपारचे जेवण संध्याकाळवर जाते. अशाच एका दुपारी दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातून फोन आला. एसीतून पाणी गळते, हवा गार येत नाही आणि या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून झाला आहे, असे सांगणाऱ्या काकू समस्त दुरुस्तीवाल्यांवरच चिडलेल्या होत्या, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते.

एसी दीड टनाचा, आर-32 गॅसचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट होता. बाहेरच्या युनिटला गेज लावला तर सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाब 85 पीएसआय. आर-32 गॅसमध्ये हा दाब साधारण 103च्या खाली उतरला की कॉइल, म्हणजे आतल्या युनिटमधली हवा गार करणारी नळ्यांची गुंडाळी, शून्य अंशाखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरू लागतो. आधीच्या कारागिरांनी हाच आकडा पाहून गॅस कमी असल्याचे ठरवले असणार. खरे सांगायचे तर माझाही हात सिलिंडरकडे गेला होता.

तो थांबला गळतीखाली ठेवलेल्या परातीमुळे. एसीचे पाणी नितळ असते, फार तर धुळीने करडे होते. हे मात्र पिवळसर होते, तळाशी पिठूळ गाळ बसलेला होता आणि त्याला हिंग-मेथीचा वास येत होता.

पुढचे झाकण उघडले. काकूंनी जाळ्या स्वच्छ धुतलेल्या होत्या, पण त्यांच्यामागची कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पांढरी झाली होती. गॅस कमी असता तर बर्फ बारीक नळी आत शिरते त्या बाजूला आधी दिसला असता आणि उरलेली कॉइल कोरडी राहिली असती. इथे गॅस पुरेसा होता, हवाच पोहोचत नव्हती. कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा चालवला. बर्फ वितळायला पाऊण तास गेला. मग बॅटरीच्या उजेडात ब्लोअर, म्हणजे खोलीत हवा फेकणारा आतला पंखा, पाहिला, तर त्याच्या पात्यांमधली खोलगट जागा पिवळ्या लिंपणाने भरून गेली होती.

“काकू, इथे दळण-कांडण चालते का?”

“दळण गिरणीतून येते रे. चाळणे मात्र याच खोलीत, एसी लावून. मेतकूट आणि भाजणीच्या ऑर्डरी असतात ना!”

उलगडा झाला. बारीक पीठ जाळीतून पार होऊन ओल्या कॉइलवर आणि ब्लोअरवर थरावर थर बसले होते. पाती भरलेला ब्लोअर फिरतो, पण हवा फेकत नाही. खोलीची उष्णता न मिळालेली कॉइल गोठते, आणि दाब पडतो तो त्यामुळे. बर्फ खालच्या ट्रेच्या बाहेरपर्यंत वाढला की त्याचे पाणी भिंतीवरून उतरते. त्यातून ड्रेनच्या नळीतही पिठाची लापशी अडकली होती.

ब्लोअर काढून धुतला तेव्हा बादलीत अक्षरशः पिठले झाले. कॉइल आणि नळी साफ करून पुन्हा चालवले, तर दाब वाजवीपेक्षा वर चढला. म्हणून सगळा गॅस रिकव्हरी यंत्राने काढून काट्यावर तोलला. आर-32 पेट घेऊ शकतो, त्यामुळे देवघरातले निरांजन आधी शांत करायला लावले होते. एसीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनापेक्षा गॅस 140 ग्रॅम जास्त निघाला. नळ्यांमधली हवा पंपाने ओढून व्हॅक्यूम केला आणि नेमका पट्टीवरच्या वजनाइतकाच गॅस भरला. थोड्या वेळाने आत जाणारी हवा 29 अंश आणि बाहेर येणारी 17 अंश होती.

“मग दोनदा भरलेला गॅस गेला कुठे?” काकूंनी विचारले.

“कुठेच गेला नाही, काकू. आतच साठत होता.”

ग्रॅममध्ये मेतकूट तोलून विकणाऱ्या त्या बाईंनी चष्मा लावला, पट्टीवरचे वजन दोनदा वाचले, मी वहीत टिपलेल्या आकड्याशी ताडून पाहिले, आणि मग आधीच्या कारागिराला फोन लावायला त्या आत गेल्या.