आईचा मोतीबिंदू आणि शुगरचा घोळ

आमचं गाव बेळगावकडच्या, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं. आईला उजव्या डोळ्यानं धूसर दिसत होतं पण ती म्हणायची वय झालं आता, असंच असणार. मग तांदूळ निवडले तरी खडे दाताखाली यायला लागले तेव्हा गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनीच तिचं नाव लिहून घेतलं, शाळेत तपासणीचं शिबीर होतं.

शिबिरात फक्त तपासतात हां. टॉर्च मारून बघितलं, तक्ता वाचायला लावला आणि मोतीबिंदू पिकलाय म्हणून चिठ्ठी दिली. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून जुनंच धरून बसलीत, शाळेत नाहीतर मंडपात ऑपरेशन आणि मग बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आता इन्फेक्शन नको म्हणून हॉस्पिटलच्या थिएटरमध्येच करतात आणि भिंग डोळ्याच्या आतच बसवतात. अंधत्व नियंत्रणाचा हा कार्यक्रम केंद्राचा, १९७६ पासूनचा, जिल्ह्यात आरोग्य खात्याकडनं चालतो, ऑपरेशन भिंग सगळं फुकट. "फुकटात काय घालतील कोण जाणे" असं शेजारणीनं आईच्या डोक्यात भरवलं होतं, ते काढायलाच माझा जीव गेला.

ऑपरेशनसाठी हॉस्पिटलला जाताना आधार आणि बीपीएल रेशन कार्ड, दोन्हीच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून न्या. तिथं शुगर, बीपी, डोळ्याचं प्रेशर, भिंगाचा नंबर, सगळं बघतात, आणि आईची शुगर निघाली वाढलेली. घरात कुणालाच माहीत नव्हतं! शुगर जास्त असली की जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनची भीती, म्हणून आधी गोळ्या सुरू करा आणि खाली आली की या म्हणून परत पाठवलं. आई खूश, मी वैतागलो, पण बरोबरच होतं त्यांचं.

शुगर खाली आल्यावर परत गेलो. संमतीपत्र कन्नडमध्ये होतं, मला वाचता येतं म्हणून ठीक, तुम्हाला येत नसेल तर सही करायच्या आधी सिस्टरकडनं वाचून घ्या, लाजायचं काय त्यात. ऑपरेशन जागेपणीच, डॉक्टर मध्येच "मेले नोडी, अम्मा" म्हणत होते आणि ही वर बघत होती, आयुष्यभर खानापूरच्या बाजारात भाजी विकलीय तिनं, एवढं कन्नड कळतंच. बाहेर आल्यावर मलाच विचारते, "झालं पण?"

खरा ताप त्याच्यानंतर. थेंब महिनाभर तरी घालायचे, आधी दिवसातनं खूप वेळा मग कमी कमी करत, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची, पांढऱ्या औषधाची बाटली हलवून घ्यायची. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, आणि आई दुसऱ्या दिवशीच चूल फुंकायला बसलेली. "तू काय डॉक्टर हाईस?" हे वर.

मोतीबिंदू पिकलेला असला की डोळ्याचा मागचा पडदा नीट दिसत नाही, आणि शुगरनं तोच बिघडू शकतो, म्हणून शुगरवाल्यांनी ऑपरेशननंतर पडदा तपासून घ्यायचाच, कुणी आठवण केली नाही तरी आपण विचारायचं. आईचा ठीक निघाला. डाव्या डोळ्याचं नाव घातलंय, भातकापणी झाली की जाणार, तोवर शुगर सांभाळायची. चहातली साखर काय सुटत नाही अजून.