खंड्या आणि ६०० एमएम
आज सकाळभर खंड्याच्या मागे होतो. ६०० एमएमची लांब पल्ल्याची लेन्स धरून हाताची पार वाट लागते, पण व्ह्यूफाइंडरमधे त्याच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब दिसला ना की सगळं वसूल! सूर मारायच्या आधी तो मान खालीवर करतो, तेच बघत बसायचं आणि शटरचा वेग १/२५०० सेकंदाच्या खाली येऊ द्यायचा नाही, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, त्याने फोटोत येणारा नॉइज म्हणजे दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेला फोटो काही सुधारत नाही. ऊन चढून गरम हवा थरथरायला लागली की मात्र लेन्स कितीही महाग असो, लांबची पिसं धूसरच येतात (लोक उगाच फोकसला शिव्या घालतात). त्यात १.४एक्स कन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला १.४ पट वाढवणारी जोडभिंग) लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाशही गेला. आणि घरट्याला चिकटून काढलेले फोटो मला पाठवू नका प्लीज, लाइक मिळणार नाही.