बॅटरी खराब म्हणून गाडी बाद, बॅटरी चांगली म्हणून पैसे कापले : माझा अनुभव

गाडी गेल्याचं दुःख आता राहिलं नाही. डोक्यातून जात नाही तो विमा कंपनीकडून व्हॉट्सअॅपवर आलेला एक कागद. त्यावर एकच ओळ जाड अक्षरात होती : भंगार मूल्य 4,10,000 रुपये. हा आकडा माझ्या पैशांतून वजा होणार होता आणि सोलापुरात त्या गाडीला दीड लाखाच्या वर एक रुपया द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या एका ओळीपायी माझे जवळजवळ तीन महिने गेले. कुणाची इलेक्ट्रिक गाडी अपघातात गेली, तर त्याला माझ्यासारखं अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून हे लिहितोय.

18 जानेवारी 2025 ची रात्र. सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती, घरी पाहुणे होते, म्हणून पुण्याहून उशिरा निघालो. सावळेश्वर टोल नाक्याच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दिसली तेव्हा उशीर झाला होता. एअरबॅग उघडल्या, मला आणि बायकोला मुका मार लागला, बाकी देवाची कृपा. गाडीचा पुढचा डावा भाग मात्र पार आत गेला होता.

इथेच एक सांगतो. इलेक्ट्रिक गाडी कधीही दोरीने किंवा दोन चाकं उचलून ओढू देऊ नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतलं आणखी काही जळू शकतं. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रकच मागवा. आमचा क्रेनवाला रात्री दीड वाजता हुज्जत घालत होता, पण मी ऐकलं नाही.

सर्व्हिस सेंटर, क्लेम नंबर, विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान बघणारा माणूस) हे सगळं आठवड्याभरात झालं. सर्व्हेअर सभ्य माणूस होता, फोटो काढून गेला. गाडी 14 लाखांची, दोन वर्षं उलटलेली, त्यामुळे 30 टक्के घसारा जाऊन पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 9,80,000. दुरुस्तीचं एस्टिमेट आलं 11,40,000. खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. इथे 75 टक्के म्हणजे 7,35,000. गाडी बाद.

मी एस्टिमेट नीट वाचलं तेव्हा कळलं, त्यातले 6,20,000 एकट्या बॅटरीचे होते. मॅनेजरला म्हटलं, बॅटरीला काय झालंय ते दाखवा. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली. खाली जाऊन बघितलं. बॅटरीच्या पेटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर लांबीचा ओरखडा होता, रंग गेलेला, आतलं अॅल्युमिनियम चमकत होतं. मी बोट फिरवून पाहिलं, नखाएवढाही खड्डा लागला नाही. केशरी केबल जागच्या जागी, गळती नाही, वास नाही. मॅनेजर म्हणाले, "साहेब, पेटीला मार दिसला की आम्हाला बॅटरी बदलायचंच लिहावं लागतं. पेटी उघडून दुरुस्त करायची परवानगी आम्हाला नाही." त्यांचं मला पटलं. 300 व्होल्टच्या वरची वस्तू आहे, उद्या काही झालं तर सही त्यांची. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

विमा कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, गाडी तुमच्याकडेच ठेवा, आम्ही आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून पैसे देतो. 9,80,000 वजा 4,10,000. सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममधून कापली जाणारी ठरावीक रक्कम) बाजूला ठेवली तरी माझ्या हाती 5,70,000. बँकेचं कर्जच 4,30,000 बाकी होतं. मी विचारलं, हे 4,10,000 कुठून आले? उत्तर मिळालं, ऑनलाइन बोली मागवली, त्यातली सगळ्यात वरची. मग त्या बोली लावणाऱ्यालाच गाडी देऊ या, म्हटलं. दोन दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा फोन आला. बोलता बोलता त्याने खरी गोष्ट सांगितली : बॅटरी चालू असल्याचा लेखी रिपोर्ट असेल तरच 4,10,000. रिपोर्ट नसेल तर दीड लाखाच्या आतच.

म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर बॅटरी खराब, म्हणून गाडी बाद. भंगाराच्या कागदावर तीच बॅटरी चांगली, म्हणून माझे पैसे कापायचे. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकाच क्लेम नंबरखाली. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा टॉवेलचा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. चिंधी विकताना आम्ही दोनदा काटा करतो. इथे लाखोंचा हिशोब कुणी एकदाही तपासला नव्हता.

मी आधी सर्व्हिस सेंटरकडे रिपोर्ट मागितला. अपघाती गाडीच्या बॅटरीचा रिपोर्ट आमच्या सिस्टिममध्ये निघत नाही, असं उत्तर. ईमेल केला, उत्तर नाही. परत गेलो, तर म्हणाले, गाडी स्कॅनरला लागतच नाही, बॅटरी डेड आहे. आणि वर पार्किंगचे रोज 300 रुपये चालू झाले होते. सर्व्हेअरला फोन केला, तो म्हणाला, माझं काम नुकसान बघण्याचं, बॅटरीची तब्येत बघण्याचं नाही. विमा कंपनी म्हणाली, रिपोर्ट द्यायचं काम सर्व्हिस सेंटरचं. असं करत फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा गेला. हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जात होता, दारात गाडी नव्हती. मुलीची दहावीची परीक्षा मी तिला स्कूटरवर सोडून काढली.

दरम्यान गावातल्या तीन भंगारवाल्यांना गाडी दाखवली. त्यातले एक जुने, आमच्याकडची लोखंडी भंगार वर्षानुवर्षं नेणारे. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मालक, पत्र्याचे, मोटरचे, चाकांचे एक लाख दहा देतो. बॅटरी तेवढी तुम्ही काढून घ्या. ती नको बघा आपल्याला." त्यांना भीती होती आणि ती रास्त होती. शिवाय 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी बॅटरी नोंदणीकृत रिसायकल किंवा नूतनीकरण करणाऱ्यांच्या साखळीतच जायला हवी. कुणी हातोड्याने फोडतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

आमच्या गाडीची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिच्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. त्यामुळे गाळून, वितळवून तिच्यातून फारसे पैसे निघत नाहीत. थोडं तांबं, अॅल्युमिनियम, लिथियम, बस. पण तिचे सेल जिवंत असतील तर ते सोलरची वीज साठवायला, इन्व्हर्टरला पुढची कित्येक वर्षं चालतात. म्हणजे मेलेली बॅटरी आणि जिवंत बॅटरी यांच्या किमतीत दोन-अडीच लाखांचा फरक, आणि तो फरक ठरवणारा एकच कागद. तो कागद सोलापुरात कुणी लिहून देत नव्हतं.

शेवटी मी गाडीच सर्व्हिस सेंटरमधून हलवली. हे महिनाभर आधी करायला हवं होतं. विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी परवानगी घेतली, मगच हलवली, नाहीतर उद्या म्हणतील पार्ट काढले. निघण्याआधी चारही बाजूंनी, आतून, चेसिस नंबरसकट व्हिडिओ केला. कारखान्यात सुताचं गोडाऊन आहे, म्हणून गाडी मागच्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून लांब उभी केली. अपघातात सापडलेली इलेक्ट्रिक गाडी इमारतीपासून 50 फूट दूर ठेवावी, असा अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेचा सल्ला आहे. लिथियम बॅटरी कधीकधी अपघातानंतर कित्येक दिवसांनीही पेटते. सूत, रुई असलेल्या ठिकाणी तर हे पाळाच.

ओळखीतून पुण्याचा एक तंत्रज्ञ मिळाला, हाय व्होल्टेजचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आला, रात्री आमच्याकडेच जेवला, सकाळी सात वाजता कामाला लागला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, 12 व्होल्टची बॅटरी कधी चार्ज केलीत?" मला कळेना. मग त्याने समजावलं : मोठ्या बॅटरीचा मेंदू जागा व्हायला साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीचा करंट लागतो. गाडी दोन महिने उभी, ती छोटी बॅटरी उतरलेली, म्हणून स्कॅनरला काहीच दिसत नव्हतं. अपघातात एअरबॅग उघडल्या की गाडी मोठी बॅटरी आपोआप तोडून टाकते, त्यामुळे ती मेल्यासारखीच वाटते.

त्याने हातमोजे घातले, आमच्या टेम्पोची बॅटरी सोडून आणली, वायर जोडल्या, आणि लॅपटॉपवर एकेका सेलच्या व्होल्टेजच्या रांगा उगवल्या. 3.29, 3.30, 3.30, 3.29. खालपर्यंत सगळे तसेच. एकही सेल पडलेला नव्हता. बॅटरीची तब्येत 94 टक्के, इन्सुलेशनचा फॉल्ट नाही. मी त्या पोराचा हात धरून नुसता उभा राहिलो. दोन महिने ज्याला सगळे डेड म्हणत होते, ते चाळीस मिनिटांत जिवंत निघालं. त्याने स्क्रीनचे फोटो, तारीख, चेसिस नंबर घालून दोन पानांचा रिपोर्ट सहीनिशी दिला. सगळे मिळून 6,500 रुपये घेतले. एवढ्या सगळ्या खर्चात हे पैसे द्यायला मला आनंद वाटला.

त्याच रात्री विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. त्यात राग ओतला नाही, दोनच वाक्यं ठेवली. बॅटरी चांगली असेल तर एस्टिमेटमधून 6,20,000 काढा, खर्च 5,20,000 वर येतो, तो 75 टक्क्यांच्या आत आहे, माझी गाडी दुरुस्त करून द्या. बॅटरी खराब असेल तर भंगार मूल्य 4,10,000 कसं, ते बोलीच्या कागदासह लेखी कळवा. सोबत रिपोर्ट, सर्व्हे रिपोर्टची प्रत (ती मागितली की मिळते, मागा) आणि विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या जून 2024 च्या परिपत्रकाचा संदर्भ जोडला. भंगाराची विल्हेवाट लावायची जबाबदारी कंपनीची, ग्राहकाची नाही, असं त्यात आहे. हीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही टाकली. पोर्टल जमत नसेल तर 155255 वर फोन करता येतो. महिनाभरात समाधान झालं नसतं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार होतो. सोलापूर त्यांच्याकडेच येतं आणि तिथे फी लागत नाही.

नवव्या दिवशी विमा कंपनीचा फोन आला. आवाजच बदललेला होता. गाडी आम्ही उचलतो, तुम्हाला वजावट सोडून पूर्ण आयडीव्ही मिळेल. मी म्हटलं, ईमेलवर द्या. दिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. बँकेचं पत्र, 500 च्या स्टॅम्पवर हमीपत्र, दोन्ही किल्ल्या. फक्त गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करू नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख भरून घ्या, गाडी नेल्याची पावती घ्या आणि आरटीओला लेखी कळवून पोच ठेवा. बाद गाडीचं आरसी बुक आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार होतात. 10 मे रोजी पैसे जमा झाले, आधी बँकेचे, मग माझे. अपघातापासून 112 दिवस.

ट्रक न्यायला आला तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने पहिली गोष्ट मागितली ती त्या दोन पानांची प्रत. बॅटरी कुठे जाणार विचारलं, तर म्हणाला, सोलरवाल्याकडे. बरं वाटलं. मूळ रिपोर्ट माझ्या कपाटात आहे. शेजारच्या युनिटमधल्या आमच्या एका मित्राची इलेक्ट्रिक गाडी मागच्या महिन्यात तुळजापूर रोडला ठोकली, त्याला झेरॉक्स दिली आणि म्हटलं, आज संध्याकाळीच 12 व्होल्टची बॅटरी चार्जिंगला लावायला सांग.

एक राहिलंच. घरच्या भिंतीवरचा चार्जर गाडीच्या भंगारात धरत नाहीत, तो देऊ नका. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. मी विसरलो होतो.