चढावर तापलेले ब्रेक

घाट उतरताना ब्रेक तापतात, त्यात नवल नाही. चढताना तापल्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आबा क्लचच्या वासालाच ब्रेकचा वास समजतायत. पण आबा जुने जीपवाले. "मिस्त्री, क्लच न्हाई ओ. पुढचं डावं चाक. वरनं पाऊस पडतोय आणि चाकातनं वाफ निघतीया."

करूळ घाट चढून गगनबावड्याला ते थांबले होते. कोल्हापुरापासून पंचावन्न किलोमीटर. जॅक, पाने आणि ब्रेक ऑइलचा डबा घेऊन मी आणि गॅरेजमधला पोरगा निघालो.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, साठच्या दशकातली, उंच बोनेटवाली. तिच्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच आणि त्यापायी बोनेटही उंच. कुणी त्याला कुरूप म्हणतं, मला तोच तोरा आवडतो. आबांचं शेत ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढ्यातनं गाडी काढली की ब्रेकच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारं डबडं, त्याला आतून शू दाबून चाक थांबवतात) पाणी शिरायचं, मग पुढचे दोन-तीन ब्रेक लागायचेच नाहीत आणि लागले की गाडी एका अंगाला ओढायची. वैतागून त्यांनी दुसऱ्या गावी एका गॅरेजात पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे उघडी चकती आणि तिला पॅडने चिमटणारा कॅलिपर, बसवून घेतली होती. त्यानंतरचा हा पहिला लांबचा पल्ला.

पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. रिमच्या भोकातनं थेंब डिस्कवर पडला की चर्र व्हायचं आणि उडून जायचा. डिस्कच्या कडेला निळसर झाक आली होती. चाक जॅकवर घेतलं. दोघांनी मिळून फिरवलं तरी हलेना. उजवं थोडं बरं, पण तेही जड. आबांनी पेडल दाबून दाखवलं, ते स्पंजासारखं मऊ. म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल उकळलं होतं. साधं डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतला ओलावा पितं आणि ओलावलं की १४० ला गुडघे टेकतं. गगनबावड्याची हवा तर तुम्हाला ठाऊकच आहे.

थोडं गार होऊ दिलं आणि कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, पाव फेरा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली, चाक सुटलं. याचा अर्थ कॅलिपर जाम नव्हता, लाइनमध्ये, म्हणजे ऑइलच्या पाइपात, दाब अडकून बसला होता. तो कुठे अडकला हे शोधायची साधी रीत आहे. ब्लीडर बंद करून पेडल मारलं, चाक पुन्हा धरलं. आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणारा पंप, त्याच्याजवळचा नट सैल केला, चाक सुटलं. चाकाकडचा रबरी होज आतून फुगून बंद झाला असता तर इथे सैल करून काही झालं नसतं. पेडलपासून मास्टरला ढकलणाऱ्या पुशरॉडला बोटाने हलवून पाहिलं, प्ले (मोकळी हालचाल) बरोबर होता. राहिलं काय? मास्टरच्या पोटातला चेक व्हॉल्व्ह.

हा व्हॉल्व्ह ड्रमसाठी असतो. पाय काढला तरी लाइनमध्ये साधारण १० पीएसआय (चौरस इंचाला १० पौंड) दाब तो धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे (चाकातल्या शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) रबरी कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत येत नाही. एक इंची व्हील सिलिंडरवर हा दाब साडेतीन किलोच्या आसपास भरतो, आणि शूच्या स्प्रिंगा त्याला सहज मागे खेचतात. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी सील पिळलं जातं आणि सुटताना पिस्टनला केसभर मागे घेतं, बस. या गाडीच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटरचा निघाला. त्याच्यावर तेच १० पीएसआय म्हणजे सोळा किलो, तेही पाय पेडलवर नसताना. वर या व्हॉल्व्हचं रबर जुनं होऊन फुगलेलं, त्यामुळे ते दहावरही थांबत नव्हतं. समोरून एसटी आली की आबा ब्रेक मारायचे आणि प्रत्येक वळणाला पॅड थोडं जास्त आवळलं जायचं. मग चढ काय नि उतार काय.

ज्याने डिस्क बसवली त्याचं हातकाम वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. ब्रॅकेट जाड पट्टीचं, डिस्क सेंटरला, बोल्टांना लॉक. पण त्याने सगळा जीव चाकाला लावला आणि पायाच्या फळीखालच्या पंपाकडे, म्हणजे मास्टरकडे, बघितलंच नाही. गिऱ्हाइकालाही चकचकीत डिस्क दिसते, फळीखालचं कोण बघतं?

त्या स्थितीत घाटरस्त्यावर गाडी चालवणं नको होतं. कोल्हापुरातून फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) मागवून आणली.

पुढचं काम शिवाजी उद्यमनगरात झालं. जुना मास्टर एकाच सर्किटचा, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो काढून पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळी सर्किटं देणारा टँडम मास्टर बसवायचं ठरवलं. आबांची अट एकच होती, चासीला नवं भोक पाडायचं नाही. त्यांना गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती सोय दिली, पण चासी, बॉडी, इंजिनात फेरफार चालत नाही. तेव्हा लेथवाल्याकडून जुन्याच भोकांवर बसेल असं ब्रॅकेट करून घेतलं. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, शू ग्रीस लावून पेटीत भरून त्यांच्याच गाडीत ठेवले.

चेक व्हॉल्व्ह नुसता काढून टाकूनही भागत नाही. आजच्या गाड्यांचा मास्टर वर बोनेटखाली असतो. या जीपचा पायाखाली चासीला, जवळपास कॅलिपरच्याच उंचीला. गाडी चढावर तोंड करून उभी केली की पुढचे कॅलिपर मास्टरच्या वर जातात, ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि निघताना पहिलं पेडल खोल जातं. म्हणून पुढच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह आणि मागच्या ड्रमच्या लाइनला १० चा, असे वेगळे घातले. पुढचा ऑनलाइन मागवावा लागला.

ट्रायलला जोतिबाच्या चढावर मुद्दाम तोंड वर करून गाडी लावली, चहा प्यायलो, परत येऊन पहिलंच पेडल आबांना मारायला लावलं. जागेवर लागलं. उतरून हबला हात लावला तर कोमट. आबांची तक्रार एकच, "पाय लई दाबावा लागतोय." ते खरंच आहे. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपणच आवळला जातो, डिस्कमध्ये तशी फुकटची मदत नाही. इंजिनाच्या व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर लावता आला असता. पेट्रोल इंजिन आहे, व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधूनच मिळतं. महिंद्राचं एमडीआय डिझेल इंजिन असतं तर व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटरही घालावा लागला असता. पण बूस्टरला फळीखाली जागा करायची तर कापाकापी आली. गाडी जेमतेम टनभराची, तेव्हा मऊ पॅड घालून भागवू म्हटलं. आबांनी मान्य केलं.

जाताना त्यांनी विचारलं, "मागं पण डिस्क टाकूया का?" मी नाही म्हटलं. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मोठं काम पुढचीच चाकं करतात. ही तोकड्या अंगाची हलकी गाडी, मागे जोर जास्त झाला तर ओल्या रस्त्यावर शेपूट फिरवेल. हँडब्रेक तसाही ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर आहे, त्याला चाकाशी देणंघेणं नाही. मागचे व्हील सिलिंडर तेवढे नवे घातले आणि पावसाळा संपला की शू ॲडजस्ट करायला या, असं सांगितलं.