खोपोली, ट्रॉम्बे आणि गच्ची: मुंबईच्या विजेच्या मागावर

मुंबईची वीज कुठून येते ते बघायचं तर पहिली खेप खोपोलीची. थेट लोकल मिळाली तर ठीक, नाहीतर कर्जतला गाडी बदला. पावसाळ्यात घाट ढगात बुडालेला असतो, म्हणून ऑक्टोबरनंतर जावं. गावात उतरून घाटाकडे तोंड केलं की डोंगरावरून खाली आलेले टाटांच्या वीजकेंद्राचे पाइप दिसतात. केंद्रात परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण मुख्य गोष्ट बाहेरूनच कळते.

हे केंद्र १९१५ सालचं. त्याची वीज आधी गेली ती मुंबईच्या कापडगिरण्यांना. लोणावळ्याकडच्या वळवण, शिरवटा अशा तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी, एवढ्या उंचीवरून उतरलं की हिशेबाने १.३६ युनिट होतात. घर्षण आणि यंत्रांची घट जाता हाती साधारण १.२. एवढ्यात एक टनाचा एसी जेमतेम तासभर चालतो.

पाइपाच्या तोंडाशी नोझल, म्हणजे निमुळती तोटी, असतं. त्यातून पाणी ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतं आणि पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं. वाटीचा वेग धारेच्या निम्म्याच्या जवळ ठेवावा लागतो, तरच पाणी आपला जोर चाकाला देऊन निपचित खाली पडतं. खरी मेख पुढे आहे. मुंबईकडची लाइन अचानक तुटली तर भार, म्हणजे विजेची मागणी, जातो आणि चाक उधळायला लागतं. अशा वेळी नोझल खटकन बंद करायचं नाही. धावतं पाणी एकदम अडलं तर दाबाची लाट उलटी वर जाते आणि पाइपच फुटू शकतो. म्हणून आधी डिफ्लेक्टर नावाचं पातं मध्ये येऊन धार चाकावरून बाजूला वळवतं आणि नोझल मागाहून सावकाश मिटतं. पाण्यात रेती आली तर वाट्या झिजतात, ते दुखणं वेगळंच.

असं केंद्र काही मिनिटांत पूर्ण जोर धरतं, आणि त्याचं मोल तिथेच आहे. मात्र तलाव भरतात पावसाळ्यात, ते पुढच्या जूनपर्यंत पुरवायचे. त्यात हे पाणी मूळचं पूर्वेकडे वाहणारं, कृष्णा खोऱ्यातलं, त्यामुळे ते पश्चिमेकडे वळवण्यावरून वाद कायमचा. वापरलेलं पाणी पाताळगंगेत जातं. असंच भिऱ्याच्या जलविद्युत केंद्राचं पाणी कुंडलिका नदीत सुटतं, आणि कोलाडचं राफ्टिंग त्यावरच चालतं. तिकडे जाणार असाल तर सकाळची वेळ चुकवू नका.

ट्रॉम्बेचं कोळशावरचं वीजकेंद्र बघायला सर्वांत सोपी जागा म्हणजे गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच. उत्तरेकडे उंच धुराडी दिसतात ती त्याच बाजूची. कोळसा समुद्रमार्गे येतो, थंडाव्याला पाणीही समुद्राचंच. कोळशातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच वीज होतो, उरलेला धुराड्यातून आणि समुद्रात जातो. इथे घाई चालत नाही. थंड पडलेला संच सुरू करायला कित्येक तास लागतात, कारण वाफेने फिरणाऱ्या टर्बाइनचं जाड पोलाद एकसारखं तापलं नाही तर त्याचा फिरता दांडा, म्हणजे रोटर, वाकतो. बंद केल्यावरही तो मंद गतीने फिरवत ठेवतात, नाहीतर स्वतःच्याच वजनाने बाक येतो.

शिवाय पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवायला या केंद्राला आधी वीज हवी! १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई अंधारली, लोकल जागच्या जागी थांबल्या. सगळंच ठप्प झालं की पहिला आधार पाण्याचा. झडप उघडण्यापुरती बॅटरी असली की जलविद्युत संच उठतो आणि मग औष्णिक केंद्राला हात देतो.

तारापूरचं अणुवीज केंद्र बोईसरला उतरून. आत जाता येत नाही आणि फोटोच्या भानगडीत पडू नये. पहिले दोन संच १९६९ चे. त्यांत अणुभट्टीतच उकळलेल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनला जाते, त्यामुळे टर्बाइनच्या दालनातही किरणोत्साराची काळजी घ्यावी लागते. नंतरचे दोन ५४० मेगावॅटचे, जड पाण्याचे (म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याचे). त्यांत वाफ वेगळ्या पाण्याची करतात. अणुकेंद्र एकसारखं चालवणंच परवडतं, भाराप्रमाणे खालीवर करायला ते सोयीचं नाही.

शेवटचं ठिकाण सोसायटीची गच्ची. एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि उन्हाळ्यात दिवसाला चारेक युनिट मिळतात. जुलैत फार कमी. मुंबईत घात करते ती सावली: पाण्याची टाकी, डिशची छत्री, शेजारचा टॉवर. पॅनेलमधले छोटे सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरच्या सावलीने त्या पॅनेलचा मोठा हिस्सा गळतो. ठेकेदाराला डिसेंबरातली सावली मोजायला लावा, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. धूळ आणि कावळ्यांची घाण सकाळी ऊन चढण्याआधी धुवावी, तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

एक तक्रार हमखास येते: “वर एवढं ऊन आहे, मग लाइट गेल्यावर घरात अंधार का?” पॅनेलची वीज घराजोगी करणारा साधा सौर इन्व्हर्टर बाहेरची लाइन गेली की मुद्दामच बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. अंधार नको असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि बजेट तिथेच वाढतं.