तिकोनी काच आणि फेकून दिलेलं रबर

मेढ्याच्या गुरुजींची प्रीमियर पद्मिनी गाडी गेल्या जुलैत माझ्या गॅरेजात आली ती पायाखाली पोतं टाकूनच. पोतं पिळलं तर तांब्याभर पाणी निघालं असतं. "मिस्त्री, इंजिनाची काय तक्रार नाही. पण पाऊस लागला की ही गाडीत माझ्या शेजारी बसत नाही, मागं जाऊन बसते. तेवढं बघा," गुरुजी म्हणाले. ही म्हणजे आमच्या काकू.

गाडी १९८७ सालची, एकाच मालकाच्या हातची. वेळच्या वेळी पुनर्नोंदणी झालेली, पत्रा अजून खणखणीत. असं सांभाळलेलं वाहन दारात आलं की मला काम जड जात नाही.

पद्मिनीच्या पुढच्या दारात मोठ्या काचेच्या पुढं एक तिकोनी काच असते. आताच्या पोरांना ती शोभेची वाटते. गाडीत एसी नव्हता तेव्हा ती तिरकी केली की वारा थेट छातीवर यायचा आणि मोठी काच बंदच ठेवता यायची. ही काच स्वतःच्या चौकटीत बसते आणि चौकट दोन पिनांवर फिरते. वरची पिन आखूड, रिव्हेट मारलेली. खालची लांब, दाराच्या पोटात उतरलेली, तिच्यावर स्प्रिंग, वॉशर आणि नट. नट जेवढा आवळाल तेवढी काच जड फिरते आणि जिथं ठेवाल तिथं राहते. भोवती रबर. मोठ्या काचेकडच्या बाजूला उभी पट्टी, तिच्यात फेल्टचा चॅनेल.

लोकांना वाटतं दारात पाणी शिरणं हाच दोष. तसं नाही. कुठल्याही गाडीच्या दारात पावसाचं पाणी शिरतंच, मोठ्या काचेच्या फटीतून. ते खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं, आणि आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद धड हवा, म्हणजे पाणी आत न येता दारातच उतरतं. गुरुजींच्या दाराची भोकं गंजाच्या खपल्यांनी बुजली होती. कागद तर कुणीतरी केव्हाच काढून टाकलेला. तार घालून भोकं मोकळी केली, जाड प्लास्टिक कापून चिकटवलं. हे अर्ध्या तासाचं काम.

त्याआधी कुठल्यातरी गॅरेजात त्या तिकोनी काचेभोवती बोटभर सिलिकॉन भरलं होतं. त्यामुळं काच उघडायचीच बंद झाली होती. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि त्यानं उघडा पत्रा गंजतो. त्यावर पुढं रंगही धरत नाही. ब्लेडनं ते खरवडण्यात माझा अख्खा दिवस गेला, आणि खाली चौकटीच्या कोपऱ्यात गंजाची रेघ निघालीच. गळती दिसली की भरा सिलिकॉन, हे आमच्या धंद्यात फार झालंय. गिऱ्हाइकालाही तेच आवडतं, दहा मिनिटांत गाडी मिळते ना!

मग मी रबर बदललं. चूक झाली ती इथंच.

जुनं रबर कडक झालं होतं, पण फाटलं नव्हतं. कंपनीचं, साच्यात ओतलेलं, तिन्ही कोपरे अखंड. आता मिळतं ते मीटरवर. पट्टी कापायची, कोपऱ्यात तिरका छेद देऊन चिकटवायची. साबणाचं पाणी लावून मी ते बसवलं, अगदी नेटकं. जुनं दोन्ही बाजूंचं काढून बाजूला फेकलं. नळी लावून अर्धा तास पाणी मारलं, पोराला आत बॅटरी घेऊन बसवलं. थेंब नाही. गुरुजींकडून दोन्ही बाजूंच्या रबराचे २,२०० रुपये घेतले.

पाचव्या दिवशी गुरुजी परत. पायाखाली तेच पोतं. चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "केळघर घाट चढेपर्यंत कोरडं होतं, मिस्त्री. वरती वारा लागला आणि सुरू झालं."

वारा लागला आणि सुरू झालं. हे वाक्य मी आधी विचारून काढायला हवं होतं. गाडी कधी गळते, उभी असताना की पळताना, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला गेलो. गाडी गुरुजींनी चालवली, मी शेजारी बसलो, पोरगा मागं. दारांच्या पॅडवर आणि काचेच्या खालच्या काठावर टाल्कम पावडर मारलेली, म्हणजे पाण्याची वाट दिसावी. पश्चिमेचा वारा, धुकं, आडवा पाऊस. पन्नासच्या पुढं काटा गेला आणि माझ्या डोळ्यांसमोर तिकोनी काचेची वरची कड बाहेर ओढली गेली. फार नाही, जवळजवळ अर्धं सूत, दीडेक मिलिमीटर. पळत्या गाडीच्या बाहेरून वारा जोरात सरकतो, तिथं दाब कमी होतो आणि काच बाहेर खेचली जाते. पिन घट्ट असेल तर ती हलत नाही. वरच्या पिनेचं भोक झिजून लांबट झालं होतं. पावडरीत बारीक ओघळ उमटला, सरळ खाली पॅडच्या मागं. नळीच्या पाण्याला वारा नसतो, म्हणून माझ्या गॅरेजात ती काच जागची हलली नव्हती.

दोन्ही बाजूंच्या चौकटी उतरवल्या. लेथवर पितळी बुश, म्हणजे पिनेच्या भोकात बसणाऱ्या नळ्या, काढून घेतले, नव्या पिना घातल्या, खालचे स्प्रिंग बदलून नट आवळले. मग कागदाची पट्टी रबर आणि चौकटीमध्ये धरून काच बंद करायची आणि पट्टी ओढायची. सगळीकडं सारखी अडली पाहिजे. डावीकडं अडली. उजवीकडं मागच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं मी पट्टी चिकटवली होती, तिथं सहज निघून आली.

दोष पिनेत होता, जुनं रबर निर्दोष होतं. मी ते टाकून दिलं होतं.

भंगारवाला अजून यायचा होता. गोणी ओतली. डावं सापडलं. उजवं गंजक्या पत्र्यात अडकून कोपऱ्यात चिरलं होतं. डावं ग्लिसरीन लावून दोन दिवस ठेवलं, थोडं मऊ झालं, परत चढवलं. उजवीकडं मीटरचंच राहिलं. २,२०० परत दिले. गुरुजी घेत नव्हते, काकूंच्या हातात दिले.

वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्यांनी १९४४ ला प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्यात ही गाडी हजारांनी झाली. काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, फिरलं की काहीतरी हाताला लागायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईतून गेली. मागच्या हिवाळ्यात मी त्या रस्त्याला दोन दिवस फिरलो. सगळीकडं मीटरचंच रबर.

गुरुजी मेढ्याहून येताना पायाखाली वर्तमानपत्र अंथरतात आणि मला आणून दाखवतात. डावीकडचं कोरडं. उजवीकडं तळहाताएवढा ओला डाग. "एवढं चालतंय हो, ही पुढं बसायला लागली," म्हणतात. मला नाही चालत.

चिरलेलं उजवं रबर जोडून मी कोल्हापूरला एका साचेवाल्याकडं नमुना म्हणून दिलंय. तो म्हणतो, साचा काढायचा तर पन्नास नग तरी घ्या. पन्नास पद्मिनी मी कुठून आणू? साताऱ्यात माझ्या माहितीत चार आहेत, कऱ्हाडला दोन. त्या सहा मालकांना फोन केले, चौघं हो म्हणाले. साचेवाल्याशी बोलणी वीस नगांवर आलीत. मे संपत आलाय.